मीठ, चांदी आणि प्रकाश : छायाचित्रणाचे पहिले दिवस आणि नाशिक

आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांत, घरच्या वेदीच्या आसपासच्या भिंतीवर, निदान एक तरी जुने छायाचित्र टांगलेले असते. लग्नाच्या पोशाखात खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा आणि त्यांच्या खांद्याशी उभी असलेली आजी. प्रथम कम्युनियनच्या दिवशी हातात मेणबत्ती धरून उभी राहिलेली मुलगी. देवळाच्या पायरीवर धर्मगुरूंभोवती गोळा झालेला जनसमुदाय. कागद पिवळा पडलेला असतो, कडा फिकट झालेल्या असतात. तरी चेहरे ओळखू येतात आणि घरातील वडीलधारी मंडळी एकेकाकडे बोट दाखवून नावे सांगतात.

अशा चित्राकडे पाहताना आकृती कागदावर उमटली कशी, याचे आपल्याला कौतुक वाटते. इतिहास चाळून पाहिला तर मात्र ध्यानात येते, की आकृती उमटवणे माणसाला पुष्कळ आधी साधले होते. ती टिकवणे साधत नव्हते. छायाचित्रणाच्या आरंभीच्या पन्नास वर्षांची कथा ही टिकवण्याच्या धडपडीची कथा आहे. या कथेचे दोन धागे आमच्या नाशिकपर्यंत येऊन पोहोचतात आणि त्यांपैकी दोन्हींशी ख्रिस्ती माणसाचे नाते आहे. म्हणून ती कथा येथे थोडी विस्ताराने सांगावी, असे आम्हांला वाटले.

उमटते पण राहत नाही

जुन्या वाड्यात भर दुपारी दारे-खिडक्या लावून आडवे झालेल्यांनी एक गंमत पाहिली असेल. फळीला बारीक भोक असले, तर बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची उलटी आकृती आतल्या भिंतीवर सरकताना दिसते. अकराव्या शतकातील अरब पंडित इब्न अल्-हैथम याने या चमत्काराचा शास्त्रीय अभ्यास केला. पुढे युरोपातील चित्रकारांनी भोकाच्या जागी भिंग बसवले, खोलीची पेटी केली आणि पेटीत पडणाऱ्या आकृतीवरून ते पेन्सिलीने रेखाटन करू लागले. कॅमेरा तयार होता. नव्हता तो फक्त चित्र आपल्या अंगावर धरून ठेवील असा पृष्ठभाग.

चांदीचे काही क्षार उजेडात काळे पडतात, हे जर्मनीतील योहान हाइन्रिश शुल्त्झ यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. त्याचा उपयोग करून इंग्लंडमध्ये थॉमस वेजवुड यांनी कागदावर व कातड्यावर पानांच्या आणि काचेवरील चित्रांच्या छाया उमटवल्या. त्यांचे मित्र हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ साली या प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पण तो वृत्तान्त वाचताना मन खिन्न होते. त्या छाया मेणबत्तीच्या मंद उजेडात तेवढ्या पाहता येत. खिडकी उघडली, की उरलेला कागदही काळा होई आणि चित्र त्यात बुडून जाई. ज्या प्रकाशाने चित्र घडवले, तोच प्रकाश ते पुसून टाकत असे.

आज उपलब्ध असलेल्या कॅमेऱ्यातील छायाचित्रांत सर्वांत जुने चित्र फ्रान्समधील निसेफोर नीप्स यांचे आहे. १८२६-२७ च्या सुमारास त्यांनी कथलाच्या पत्र्यावर एक प्रकारचे डांबर पसरून आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरे टिपली. उजेड लागला तेथे डांबर कठीण झाले. बाकीचे तेलाने धुऊन काढले. त्यासाठी पत्रा कॅमेऱ्यात कित्येक तास, काही अभ्यासकांच्या मते काही दिवस, ठेवावा लागला. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला आणि इमारतींच्या दोन्ही बाजूंवर ऊन पडलेले दिसू लागले.

नीप्स १८३३ मध्ये वारले. त्यांचे भागीदार लुई दागेर यांनी प्रयोग पुढे नेला. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्याला आयोडिनची वाफ, मग कॅमेऱ्यात काही मिनिटे, मग पाऱ्याची वाफ, शेवटी क्षाराच्या पाण्याने धुणे, अशी ही पद्धत होती. पाऱ्याची वाफ लागताच कोऱ्या दिसणाऱ्या पत्र्यावर चित्र हळूहळू प्रकट होई. ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे या शोधाची घोषणा झाली. फ्रेंच सरकारने दागेर यांना ६,००० फ्रँक आणि नीप्स यांच्या मुलाला ४,००० फ्रँक वार्षिक वेतन बांधून दिले आणि १९ ऑगस्ट रोजी ती कृती जगासाठी खुली केली.

दागेर यांनी १८३८ च्या सुमारास पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे घेतलेले चित्र प्रसिद्ध आहे. रस्ता गाड्यांनी, माणसांनी भरलेला असणार. पण चित्रात तो ओसाड दिसतो, कारण चालणारे कोणीच पत्र्यावर उमटले नाही. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस बूट पॉलिश करून घेत उभा आहे. तो थांबला होता म्हणून राहिला. छायाचित्रात आलेला पहिला मनुष्य म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याचे नाव मात्र कोणीही लिहून ठेवले नाही.

स्वयंपाकघरातील मीठ

दागेर यांचे चित्र आरशासारखे लखलखीत असे. पण ते एकच असे. त्याची प्रत निघत नसे. ही उणीव इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी भरून काढली. त्यांची कृती इतकी साधी होती, की तिचे नवल वाटावे. चांगला लिहिण्याचा कागद मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, नंतर त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात द्यायचा. मीठ आणि चांदी एकत्र येऊन कागदात असा क्षार तयार होई, की उन्हात तो काळवंडावा. टॅलबट यांच्या असेही लक्षात आले, की मीठ बेताचे असले तर कागद उजेडाला चटकन दाद देतो आणि फार झाले तर देतच नाही. म्हणून चित्र उमटल्यावर तो कागद मिठाच्या दाट पाण्यात बुडवून ते त्याची संवेदनशक्ती मारून टाकत. ज्या मिठाने चित्राचा आरंभ केला, तेच मीठ त्याचा सांभाळही करी.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने आपल्या शिष्यांना मीठ आणि प्रकाश या दोन वस्तूंची उपमा दिली आहे. या दोन वस्तूंपासूनच कागदावरचे पहिले छायाचित्र तयार झाले, हा योगायोग आपल्या वाचकांना लक्षात ठेवण्याजोगा वाटेल.

मिठाने आलेला टिकाऊपणा मात्र अपुरा होता. खरा उपाय जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सांगितला. ज्याला आजही फोटोग्राफर मंडळी 'हायपो' म्हणतात, तो क्षार चांदीचे उरलेसुरले क्षार विरघळवून टाकतो, हे हर्शेल यांना १८१९ पासून ठाऊक होते. १८३९ साली त्यांनी ते टॅलबट यांना कळवले. हायपोच्या पाण्यातून काढून चित्र स्वच्छ पाण्यात पुष्कळ वेळ धुतले, की ते उजेडाला भीत नसे. धुण्यात कसूर झाली, तर कागदात राहिलेला हायपोच पुढे चित्राला पिवळे करून खातो. आपल्या आजोबांचे चित्र पिवळे पडले असेल, तर त्याचे कारण अनेकदा हेच असते. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्दही हर्शेल यांनीच रूढ केले.

१८४० साली टॅलबट यांना आणखी एक गोष्ट सापडली. कागद कॅमेऱ्यात पुरता काळा होईपर्यंत थांबण्याची गरज नव्हती. थोडा उजेड लागला, की डोळ्यांना न दिसणारे चित्र त्यात तयार झालेले असते आणि औषधाने ते बाहेर आणता येते. या पद्धतीला 'कॅलोटाइप' म्हणत. पहिला कागद निगेटिव्ह होई, म्हणजे गोरे ते काळे आणि काळे ते गोरे. त्यावरून दुसऱ्या कागदावर हव्या तितक्या सुलट प्रती काढता येत.

निगेटिव्ह म्हणजे काय, हे कॅथलिक जगाला ज्या घटनेने विशेष जाणवले, ती १८९८ सालची. इटलीतील तुरीन येथे जपून ठेवलेल्या प्रेतवस्त्राचे छायाचित्र सेकोंदो पिया या वकिलाने त्या वर्षीच्या मे महिन्यात घेतले. वस्त्रावरची आकृती फिकट आणि अस्पष्ट. पण अंधारखोलीत काचेच्या निगेटिव्हवर पियांना एक स्पष्ट, शांत मुखवटा दिसला. म्हणजे वस्त्रावरील आकृतीच निगेटिव्हसारखी होती. १९८८ साली झालेल्या कार्बन परीक्षेने ते कापड तेराव्या-चौदाव्या शतकातील ठरवले. त्यावर वाद चालूच आहेत आणि ते वस्त्र अस्सल आहे असा निर्णय ख्रिस्तसभेने दिलेला नाही. आम्ही ही घटना येथे देतो ती एवढ्यासाठीच, की उलट्या चित्रात सुलट चित्र दडलेले असते ही गोष्ट तिने लक्षावधी साध्या माणसांना समजावून दिली.

ओली काच आणि तंबू

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने कागदाऐवजी काच घेतली. तीव्र आम्लांत भिजवलेला कापूस, ज्याला इंग्रज लोक बंदुकीचा कापूस म्हणत, ईथर आणि मद्यार्क यांत विरघळवला, की मधासारखा चिकट द्रव होतो. त्याचे नाव कोलोडियन. हा द्रव काचेवर ओतून सारखा पसरवायचा, काच चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ती ओली आहे तोवरच चित्र घ्यायचे, धुवायचे, पक्के करायचे. काच वाळली की सगळे फुकट. चित्र मात्र असे बारीक आणि स्वच्छ निघे, की मागील पद्धती लवकरच मागे पडल्या. आर्चर यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. १८५७ साली ते गरिबीत वारले.

काचेवरून प्रत काढण्यासाठी कागदाला अंड्याचा पांढरा भाग आणि मीठ यांचा लेप देत. ही युक्ती १८५० साली ब्लांकार-एव्रार या फ्रेंच गृहस्थाने काढली. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक तपकिरी, चकचकीत छायाचित्रे या अंड्याच्या कागदावरची आहेत. पुढे जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात असे कागद तयार करण्याचे मोठे कारखानेच उभे राहिले.

आपल्या इलाख्यात ही विद्या उशिरा आली, असे कोणी समजू नये. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मूळचे गोव्याचे डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्याच सुमारास कंपनी सरकारने जुन्या वास्तूंची चित्रे हाताने काढवून घेण्याऐवजी कॅमेऱ्याने घ्यावीत, असे ठरवले आणि कॅप्टन थॉमस बिग्ज यांना मुंबई इलाख्यात त्या कामावर नेमले. विजापूर, बदामी, ऐहोळे येथील त्यांची चित्रे आज इतिहासाचे साधन ठरली आहेत.

आमच्या उन्हात ओल्या काचेचे काम किती कठीण होते, याची कल्पना करून पाहावी. काच लवकर वाळे, ईथर उडून जाई, धुळीचा कण काचेवर चिकटला की डाग पडे. छायाचित्रकाराला कॅमेरा, काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, पाणी आणि काळ्या कापडाचा तंबू बैलगाडीवर लादून न्यावा लागे. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा मुंबईहून नाशिककडे येणाऱ्यांचे हे ओझे थोडे हलके झाले.

टिकण्याच्या दृष्टीने एक उदाहरण फार बोलके आहे. मेजर रॉबर्ट गिल यांना १८४४ च्या सुमारास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगवण्यासाठी पाठवण्यात आले. जंगलात राहून त्यांनी अनेक वर्षे मोठमोठी तैलचित्रे केली आणि ती लंडनला पाठवली. १८६६ च्या डिसेंबरमध्ये तेथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतील बहुतेक चित्रे जळून गेली. मधल्या काळात गिल कॅमेरा शिकले होते. लेण्यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. आयुष्यभराचे रंगकाम गेले. कागदावरच्या प्रती अनेक हातांत पसरल्या होत्या म्हणून वाचल्या. आमच्या शेजारच्या खानदेशात, भुसावळला, गिल यांची कबर आहे.

शरणपूरचा याकोब

आता पहिला धागा. नाशिकच्या एका विद्यार्थ्याचे छायाचित्र १८७४ साली इंग्लंडभर पाहिले गेले. ते नाशिकात घेतलेले नव्हते आणि तो विद्यार्थी जन्माने नाशिककर नव्हता.

चर्च मिशनरी सोसायटी या आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या संस्थेने १८५० च्या दशकात नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख होते. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडत असे, आणि त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले शरणपूरला आणली जात. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवले जात. या मुलांना इंग्रज लोक 'नासिक बॉइज' म्हणत.

त्यांपैकी एक जेकब वेनराइट, म्हणजे आपल्या भाषेत याकोब. पूर्व आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी १८७२ साली जी तुकडी गेली, तीत तो होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. याकोबाने दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव व तारीख कोरली, कारण त्या मंडळींत लिहिण्यात तो तरबेज होता. मग त्यांनी शव वाळवून, सालीत गुंडाळून सुमारे दीड हजार किलोमीटर पायी समुद्रकाठी आणले. १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयो येथे ते पोहोचले, तेव्हा तेथील पवित्र आत्म्याच्या संघाच्या कॅथलिक मिशनमध्ये शव एक रात्र ठेवण्यात आले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. शवपेटीचे वस्त्र धरणाऱ्यांत याकोब होता.

त्या प्रवासातील एका छायाचित्रात तो लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीजवळ उभा आहे. ज्या जगात आफ्रिकन माणसाचे चित्र बहुधा 'एक हबशी' एवढ्याच मथळ्याने छापले जाई, तेथे या तरुणाचे नाव चित्राबरोबर राहिले. ते राहिले याचे कारण कॅमेरा नव्हे. तो स्वतः लिहीत होता, रोजनिशी ठेवीत होता, झाडावर अक्षरे कोरीत होता. नाशिकच्या शाळेत हाती आलेल्या लेखणीने त्याला नाव मिळवून दिले. १८९२ साली तो पूर्व आफ्रिकेतच वारला. प्राइस यांनी १८७४-७५ मध्ये मोंबासाजवळ 'फ्रीअरटाउन' वसवले, तेव्हा शरणपूरचे बरेचसे आफ्रिकन तिकडे गेले. त्यांच्यातील किती जणांचे चेहरे आणि किती जणांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत?

त्र्यंबकचा फोटोग्राफर

दुसरा धागा अधिक परिचयाचा. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. तिच्यामुळे तंबू आणि ओली काच यांची गरज संपली, आणि छायाचित्रण सामान्य धंदेवाइकाच्या आवाक्यात आले. फाळके याच कोरड्या काचेच्या पिढीचे.

दादासाहेब फाळके म्हणजे चित्रपट, एवढेच आपण शिकतो. त्याआधीची वीस वर्षे ते छायाचित्रकार आणि ठसे बनवणारे कारागीर होते, हे विसरले जाते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली त्यांनी छायाचित्रण व छपाईच्या प्रक्रिया आत्मसात केल्या. गुजरातेतील गोध्रा येथे त्यांनी स्टुडिओ काढला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले. कॅमेरा माणसाचे आयुष्य ओढून घेतो, अशी समजूत त्या काळी पसरलेली होती आणि तिच्यामुळे त्यांच्या धंद्याला फटका बसला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही समजूत आज हास्यास्पद वाटेल. पण ज्या काळात चित्र काढताना मानेमागे लोखंडी आधार लावून माणसाला निश्चल बसवत आणि ज्या घरात मृत्यूनंतर चित्र तेवढे उरे, त्या काळातील साध्या माणसाने दोन्हींचा संबंध जोडला तर त्याला फार दोष देता येत नाही.

पुढे फाळके यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली, स्वदेशीच्या चळवळीत ती सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या नावाने चालणाऱ्या छापखान्यासाठीही त्यांनी ठशांचे काम केले. १९१०-११ च्या सुमारास, छापखान्यातून बाहेर पडण्याच्या काळात, त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा एक मूकपट पाहिला. या अनुभवाविषयी त्यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकात लिहिले. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, आपल्या देशाची दैवते आपणही अशी पडद्यावर आणू शकू का, या विचाराने ते अस्वस्थ झाले होते. एका हिंदू शास्त्र्याच्या मुलाला ख्रिस्तचरित्राने स्वतःच्या परंपरेकडे वळवले, ही घटना आम्हांला मोलाची वाटते. तिच्यात कोणाची हार-जीत नाही. पवित्र कथा मनापासून सांगितली, की ऐकणाऱ्याला आपली पवित्र कथा आठवते.

१९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले. इतकेच नव्हे, तर फिल्मला छिद्रे पाडणे आणि ती धुणे ही अंधारखोलीतील कामे त्या शिकल्या. टॅलबट यांनी मिठाच्या पाण्यात कागद बुडवला, त्या गोष्टीला तेव्हा ऐंशी वर्षेही झाली नव्हती. चांदी, औषध, हायपो आणि भरपूर पाणी ही कृती गोदाकाठच्या एका गृहिणीच्या हातात आली होती. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आज त्यांचे स्मारक आहे.

काय राहिले

त्या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे दगडात कोरलेली आहेत आणि ती वाचता येतात. पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे, त्यांचे बहुतेक मूकपट मात्र नष्ट झाले. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे अशी दोनच उरली. तीही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. याचे एक कारण रसायनात आहे. त्या काळची फिल्म ज्या सेल्युलॉइडची होती, ते आर्चर यांच्या कोलोडियनचेच भावंड. दोघांच्या मुळाशी तोच बंदुकीचा कापूस. ती कुजते, चिकटते आणि ठिणगी पडली तर भडकते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागून कितीतरी चित्रपटांची मूळ रिळे गेली. जे वाचले, ते कोणीतरी मुद्दाम वाचवले म्हणून. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याचे पी. के. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांकडे उरलेल्या रिळांचा शोध घेतला आणि 'कालिया मर्दन'सारखा चित्रपट पुन्हा पाहण्याजोगा केला.

आपल्या घरांतील छायाचित्रांची स्थिती याहून वेगळी नाही. स्टुडिओ बंद झाला, की काचेच्या निगेटिव्ह भंगारात जातात; चांदीसाठी किंवा नुसत्या काचेसाठी त्या धुऊन टाकल्या जातात. पावसाळ्यात ओलसर भिंतीवरचे चित्र चौकटीच्या काचेला चिकटते आणि सोडवताना फाटते. आता मोबाइलमध्ये हजारो चित्रे साठतात आणि मोबाइल बिघडला, की एका दिवसात जातात. चित्र भिंतीपासून थोडे दूर टांगावे, त्याच्या आणि काचेच्या मध्ये जाड कागदाची चौकट असावी, गोंद किंवा चिकटपट्टी लावू नये, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

मात्र सर्वांत मोठे काम त्याहून सोपे आहे आणि तेच राहून जाते. धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येकाचे नाव, आईबापांचे नाव, दिवस, वर्ष नीट लिहिलेले असते; चेहरा नसतो. घरच्या भिंतीवर चेहरा असतो, नाव नसते. नावे सांगणारी वृद्ध मंडळी आपल्यात आहेत, तोवर ही दोन टोके जोडता येतील. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर एखादे जुने चित्र खाली काढावे, आजी-आजोबांजवळ बसावे आणि मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने त्याच्या पाठीमागे नावे, गाव आणि वर्ष लिहावे. पॅरिसच्या रस्त्यावर बूट पॉलिश करून घेणाऱ्या त्या माणसाचे चित्र जगाने जपले, पण तो कोण होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आपल्या आजोबांबद्दल अजून सांगता येईल.